एका तारेवरचे अकरा जण

फार वर्षांपूर्वी घाटातल्या अकरा स्टेशनांचे टेलिफोन एकाच तारेवर नांदत होते. प्रत्येकाची घंटी वेगळी होती, पण कोणाचीही वाजली तरी सगळेच रिसीव्हर उचलून कान देत. मधल्या सावरतळ्याचा फोन त्यांच्यात सर्वांत म्हातारा होता.

एका दुपारी घाटमाथ्याच्या फोनने पायथ्याच्या फोनला हाक दिली, "ऐक, मालगाडीचा एक डबा सुटून खाली…" पुढचे शब्द विरून गेले. पायथ्याला तर माणसांनी भरलेली गाडी उभी होती.

"काय सुटलं? नीट ऐकू येत नाही," पायथ्याचा फोन कळवळून म्हणाला.

म्हाताऱ्याच्या लक्षात आलं. तारेत जोर होता तेवढाच होता आणि तो नऊ जण फुकट वाटून घेत होते.

"बाबांनो, रिसीव्हर खाली ठेवा. आपण ऐकतोय म्हणून त्याला ऐकू येत नाही."

"मग पुढे काय झालं ते आम्हाला कसं कळणार?" एकाने विचारलं.

"मलाही कळणार नाही," म्हातारा म्हणाला आणि त्याने आधी स्वतःचा रिसीव्हर ठेवला. मग एकेक करत सगळ्यांनी ठेवले.

थोड्याच वेळात तो डबा सावरतळ्यावरून धडधडत खाली गेला. म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागला, तरी त्याने रिसीव्हर उचलला नाही.

अखेर त्याची घंटी वाजली. पलीकडे पायथ्याचा फोन होता. "आजोबा, निरोप स्पष्ट मिळाला. सांधा बदलून डबा बाजूच्या रुळावर घेतला. गाडीतली माणसं चहा पिताहेत."

"बरं झालं," म्हातारा म्हणाला. "आता बाकीच्यांनाही सांग. बिचारे अजून वाट बघत असतील."