बेहड्याखालचे तीन दिवस

पुष्कळ काळ लोटला त्याला. मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून कान देणाऱ्या मोठ्यांनो, डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं आणि त्या नगरात गेनबा नावाचा मुकादम राहत होता.

झाडं उतरवावीत तर गेनबानंच. दोन घरांच्या मधोमध वाढलेलं झाड तो असं उतरवी, की एक कौलसुद्धा हलत नसे. त्याच्या हाताखाली बारा गडी होते. दिलेला शब्द आपण कधी मोडला नाही, याचा त्याला फार अभिमान होता.

एक दिवस कोतवालानं त्याला बोलावून घेतलं.

"गेनबा, राजकन्येचं लग्न आठ दिवसांवर आलंय. नवरदेव हत्तीवरून येणार. वेशीजवळचा तो बेहडा अंबारीला आडवा येतो. तेवढा काढून टाक."

"रस्ता मोकळा झाला म्हणून समजा, साहेब," गेनबा म्हणाला.

पण त्या नगरात एक नियम होता. परवानगीवाचून झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. परवानगी द्यायची गोदाक्का नावाच्या बाईंनी. नगरातलं एकूण एक झाड त्यांना पाठ होतं.

गेनबानं काम सांगितलं. गोदाक्कांनी चुन्याचं मडकं त्याच्या हातात दिलं.

"बुंध्याला पांढरा पट्टा ओढ. मग तीन दिवस, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, झाडाखाली बसून राहा. जो कोणी येईल त्याचं ऐकून घे. चौथ्या दिवशी मला येऊन सांग. मग देते परवानगी."

"अक्का, एखादा गडी बसवतो की! मला इतर कामं आहेत."

"कुऱ्हाड गड्याची की तुझी?"

"माझी."

"मग कानही तुझेच लागतील."

गेनबा पुटपुटत निघाला. कोतवालाला कळलं तेव्हा तो हसला. "कसले तीन दिवस घेऊन बसलास? आजच घाव घाल. गोदाक्कांना मी बघून घेतो."

गेनबाला मोह झाला. पण नियम मोडून केलेलं काम त्यानं आजवर कधी केलं नव्हतं. त्यानं पट्टा ओढला आणि घोंगडी अंथरून बसला.

पहिल्या दिवशी फुटाणे विकणारी म्हातारी आली. "पाड रे बाबा, पाड! याची पानं माझ्या कढईत पडतात." न्हावी आला. तो याच सावलीत गिऱ्हाइकांची दाढी करी. "माझी हरकत नाही," तो म्हणाला, "मी देवळासमोर बसेन." गेनबा खूश झाला.

दुसऱ्या दिवशी एक खार खाली आली. पट्टा हुंगून म्हणाली, "मी काय, पलीकडच्या चिंचेवर जाईन. तिथली शेजारीण जरा भांडखोर आहे, पण चालवून घेईन." गेनबाला हसू आवरेना. मात्र एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. मोठ्या पिवळ्या चोचीचा एक धनेश कालपासून झाडाभोवती घिरट्या घालत होता. चोचीत उंबर धरून यायचा, गेनबाला बघायचा आणि परत फिरायचा.

तिसऱ्या दिवशी तो पक्षी समोरच्या भिंतीवर येऊन बसला. त्याचे पंख लटपटत होते.

"मुकादम, जरा बाजूला सरता का? माझी बायको आत आहे."

"आत? कुठं आत?"

धनेशानं मान वर केली. बुंध्यात उंचावर एक ढोली होती. तिचं तोंड चिखलानं लिंपून बंद केलेलं होतं. मधे बोटभर फट होती, आणि फटीतून एका चोचीचं टोक दिसत होतं.

"अंडी घालायला आत गेली आणि आतून दार लिंपून घेतलं. आमच्यात तशीच रीत आहे. तिची पिसं झडलीत, तिला उडता येत नाही. दोन पिल्लं आहेत. मी भरवीन तेव्हाच ती तिघं खातात. तुम्ही बसल्यापासून मला धीर होत नाही. दोन दिवस तिघंही उपाशी आहेत हो."

गेनबा ताडकन उठला. घोंगडी ओढून पार रस्त्यापलीकडे जाऊन बसला. धनेश एक उंबर घेऊन फटीपाशी गेला. आतल्या चोचीनं ते उंबर घाईघाईनं ओढून घेतलं. हजार झाडं पाडली आपण, त्याच्या मनात आलं, आणि वर मान करून एकदाही पाहिलं नाही.

"बाहेर कधी येतील रे?"

"वीस दिवस तरी लागतील."

वरात पाच दिवसांवर होती.

संध्याकाळी कोतवाल आला. सगळं ऐकून म्हणाला, "हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? गप्प राहा. कुणी हरकत घेतली नाही म्हणून सांग."

"पण घेतली ना, साहेब," गेनबा म्हणाला.

चौथ्या दिवशी त्यानं गोदाक्कांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. अक्कांनी परवानगी दिली नाही. चिडलेला कोतवाल गेनबाला घेऊन थेट राजापुढे गेला.

"तू शब्द दिला होतास ना?" राजानं विचारलं.

गेनबाचा आवाज ठाम होता. "दिला होता, महाराज. रस्ता मोकळा करून देण्याचा. तो देतो. फक्त वरात विणकरआळीतून न्यावी लागेल. तिथं घरांचे ओटे पुढं आलेत. लोकांनी होकार दिला तर चार दिवसांत आळी रुंद करतो."

राजानं मान डोलावली. "लोकांनी होकार दिला तर," तो म्हणाला.

गेनबा दारोदार फिरला. "तुमचा ओटा काढू द्याल का? राजकन्येचा नवरदेव दारावरून जाईल."

"आमच्या दारावरून? हत्तीवर बसून?" विणकरणी एकमेकींकडे बघू लागल्या. एकीनं तर पहिला दगड स्वतःच उचलला. बारा गडी आणि अख्खी आळी कामाला लागली. दगड वाहता वाहता पोरीबाळी लग्नाची गाणी म्हणत होत्या.

पाचव्या दिवशी सकाळी हत्ती आळीत शिरला. दोन्ही बाजूंच्या माड्यांवरून विणकरांनी लाल, पिवळी, हिरवी लुगडी सोडली होती. नवरदेव त्या रंगांतून डोलत गेला. वाड्याच्या गच्चीतून बघणाऱ्या राजकन्येनं टाळ्या पिटल्या. अशी वरात त्या नगरानं कधी पाहिली नव्हती.

पुढे काही दिवसांनी धनेशाच्या बायकोनं ढोलीचं दार फोडलं. ती बाहेर आली, मागोमाग दोन पिल्लं. एक पिल्लू उडालं ते थेट कोतवालाच्या पागोट्यावर जाऊन बसलं. सगळी वेस हसली. शेवटी कोतवालही हसला. राजानं त्याला हुकूम दिला, "पुढच्या झाडाखाली तीन दिवस तुम्हीही बसायचं."

पुढचं झाड होतं पाठशाळेवर कललेली वाळकी चिंच. गेनबा आणि कोतवाल तिच्याखाली तीन दिवस बसले. कुणाचीच हरकत आली नाही. गोदाक्कांनी परवानगी दिली आणि गेनबानं चिंच अलगद उतरवली. त्यानंतर त्यानं आयुष्यभर झाडं उतरवली, पण रात्री त्याला नेहमी शांत झोप लागली.

बोध: ज्याचं घर हलणार आहे, त्याचं म्हणणं आधी ऐकावं आणि मगच हत्यार उचलावं.