सिंधुहरिदाचा शाप

एका राज्यात, पडद्याआड उभ्या असलेल्या नव्या सुनेच्या कानी नको ते बोल पडले.

"युवराज्ञींच्या आसवांत सिंधुहरिद आहे, महाराज," मांत्रिक कूटाक्ष सांगत होता. "तेच युवराजांना आतून खातं आहे. सूर्य मावळण्याआधी तिला भिंतीत चिणा."

"आणि प्रजेला काय सांगू?"

"नुसतं नाव सांगा. पुरे होईल."

सून होती वेलावती, दर्याकाठच्या राजाची लेक. बोलणं थोडं, बघणं फार. या राज्यात येताच तिने पाहिलं होतं की एका वस्तूच्या नावाने सगळे चळचळ कापतात. कूटाक्षाने त्या वस्तूला सिंधुहरिद म्हटलं, आणि लोकांनी घराघरांतून ती गोळा करून त्याच्या बुरुजात ओतली. त्याची विद्याच तशी. ज्या वस्तूचं घरचं नाव लोक विसरत, ती त्याची होई.

तेव्हापासून माणसं मलूल झाली. चालता चालता खाली बसत. बसली की उठत नसत. भरल्या बाजारात आवाज म्हणून नसे. युवराज जयध्वज तर मेणासारखा पलंगावर पडून होता. वेलावती त्याच्या उशाशी रडली, आणि तेवढ्यात कूटाक्षाने तिचं आसू टिपून नेलं होतं.

पडदा सारून ती पुढे झाली. "मामंजी, मला कसोटी द्या."

राजा म्हणाला, "कूटाक्षाच्या कुपीतलं पाणी निर्मळ आहे. सिंधुहरिद लागलं की ते दुधासारखं फाटतं. तुला हवे ते तीन थेंब आण. त्यांतला एक जरी शुद्ध निघाला, तरी जगशील."

तिने तान्ह्या बाळाचं आसू आणलं. पाणी फाटलं.

तिने राजगुरूंच्या कपाळीचा घाम आणला. पाणी फाटलं.

"अहो, मी फळांवर राहतो!" राजगुरू किंचाळले. कुणाला तरी शंका यावी की नाही? छे. सभा आणखीच भेदरली. "पोटच्या पोरांतसुद्धा भिनलं!" म्हणून बायांनी लेकरं अंगावरून दूर केली.

तिसरा थेंब शोधत वेलावती भर दुपारी बुरुजापाशी आली. तिथे गाई, शेळ्या, रानातली हरणं दाटीने उभी होती आणि न हंबरता, न हलता भिंत चाटत होती. चाटून चाटून दगडांना खळगे पडले होते. वर एक साळुंकी बसली होती.

"साळुंके, ही जनावरं काय करतात?"

"जगतात."

"आणि माणसं का मरतात?"

"माणसांना नाव ठाऊक आहे."

भिंतीला ओल सुटली होती. तिथला एक थेंब वेलावतीने बोटावर घेतला.  नावाची धडकी तिलाही होतीच. डोळे मिटून तिने ते बोट जिभेला लावलं.

ती चव तिच्या ओळखीची होती. तिने भिंतीतून पाझरणारं पाणी पानाच्या द्रोणात धरलं.

सभेत त्यातला एक थेंब पडताच कुपीतलं पाणी थिजून पांढरा दगड झालं.

"पाहिलंत?" कूटाक्ष गरजला. "चिणा तिला!"

शिपाई उठले, पण विटा त्यांना उचलवेनात. वेलावतीने द्रोणातलं उरलेलं सगळं पिऊन टाकलं. सभा श्वास रोखून तिच्या मरणाची वाट पाहू लागली. ती मेली नाही. तिने बोलायला तोंड उघडलं, तेव्हा कूटाक्षाचा चेहरा पहिल्यांदाच उतरला.

"गप्प बस, पोरी! ते नाव घेऊ नकोस!"

तिने घेतलं. तत्क्षणी बुरुज खचला आणि पांढरा ढीग चौकभर पसरला. कूटाक्ष पायापासून विरघळत गेला. उरला तो ओला डाग गाईंनी चाटून नेला. विसरलेला शब्द एकेकाच्या तोंडी परत आला. बाजार पुन्हा भांडू लागला, युवराज उठून बसला, राज्याची घडी बसली. वेलावती त्या भरसभेत एवढंच म्हणाली होती:

"मामंजी, मीठ आहे ते. आधी यांच्या पेजेत चिमूटभर घाला. नवी सून म्हणून बोलले नाही, पण तुमच्याकडचं सगळंच अळणी असतं."