काकूची मधाची मडकी आणि शेजारचं अंगण

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गावाला कुंपण असायचं, पण घराघरांमध्ये नसायचं.

अशा एका गावात एक काकू राहायची. तिच्या परसात मडक्यांमध्ये मधमाश्या नांदायच्या. कुणाला खोकला झाला, की मध काकूकडचाच. तिला त्याचा भारी अभिमान. "माझ्या माश्या म्हणजे गरीब गाई," असं ती येईल त्याला सांगायची.

शेजारी एक तरुण आई होती. तिचं लेकरू नुकतंच चालायला लागलं होतं. ते पडेल, काहीतरी गिळेल, त्याला काही डसेल, अशा शंभर काळज्या तिच्या जिवाला. आणि एक दिवस त्यातली एक खरी झाली. अंगणात खेळताना लेकराला डोळ्यापाशी माशी डसली. तोंड भोपळ्यासारखं सुजलं.

आई तरातरा काकूच्या परसात गेली.

"काकू, ही मडकी हलवा इथून!"

"अगं, माश्या मला लेकरांसारख्या आहेत."

"तुम्हाला लेकरांसारख्या असतील. माझं तर लेकरूच आहे!"

आरडाओरडा ऐकून पाटील आले. त्यांचे गडी जाळायला पेंढा घेऊनच आले.

पाटील म्हणाले, "पोरी, लेकरू तुझं, तेव्हा तूच सांग. हो म्हण, आत्ता सगळी मडकी पेटवतो."

'हो' आईच्या ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात तिची नजर काकूकडे गेली. काकूनं आपला पदर मडक्यावर पांघरला होता. लेकरू तापानं फणफणलं, की आईसुद्धा अस्साच पदर पांघरायची.

"थांबा पाटीलबाबा," ती म्हणाली. "त्या माझ्या अंगणात येतात तरी कशाला, ते आधी मला बघू द्या."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून ती दारात बसली. लेकरू कडेवर घट्ट धरलेलं. भीती वाटत होती, पण डोळे उघडे होते. मडक्यांची तोंडं तिच्याच अंगणाकडे होती. माश्या निघायच्या त्या सरळ, लेकराच्या डोक्याएवढ्या उंचीवरून. काकूच्या परसात पाण्याचा थेंब नव्हता, म्हणून साऱ्याजणी हिच्या मोरीवर पाणी प्यायला यायच्या.

संध्याकाळी ती चावडीवर उभी राहिली. जमलेल्या गावासमोर बोलली.

"मडक्यांची तोंडं फिरवा. मध्ये काटक्यांचा पुरुषभर उंच कूड घाला, म्हणजे माश्या वरून जातील. काकूंनी माश्यांना बसायला परातीत खडे टाकून पाणी ठेवावं. आणि मध काढायच्या दिवशी आधी शेजारी हाक द्यावी, आम्ही पोरं घरात घेऊ."

पाटील हसले. "माश्या पाळणार होय गं तुझा कायदा?"

"माश्या कशाला पाळतील? पाळायचा आपण."

आता सगळे काकूकडे बघू लागले. काकूनं मान खाली घातली. "खरंय पोरी. घर दिलं मी त्यांना, पाणी द्यायचं सुचलंच नाही."

"ठीक," पाटील म्हणाले. "पण लेकराला पुन्हा डसली, तर मी कुणाचं ऐकणार नाही."

कूड उभा राहिला. माश्या मडक्यातून निघून उंच चढायच्या आणि डोक्यावरून निघून जायच्या. खाली अंगणात लेकरू धावायला शिकलं. त्याला पुन्हा कधी माशी डसली नाही. माश्या फुलाफुलावर बसायच्या, आणि अंगणातले काकडीचे वेल तर असे लगडले, की मांडव वाकला.

पलीकडच्या गावानं मात्र भीतीपायी माश्यांची सगळी पोळी जाळली होती. त्यांच्या वेलांना नुसतीच फुलं, फळ एकही नाही. तिथली माणसं उपाय विचारायला आली, तेव्हा पाटलांनी मिशीला पीळ दिला. "हा कायदा आमच्या गावच्या सुनेनं केलाय! तीच येईल शिकवायला."

जिला घराबाहेर पडायचं म्हटलं तरी धाकधूक व्हायची, तिनं लेकरू काकूच्या कडेवर दिलं. मग ती ताठ मानेनं, मागे न बघता, त्या गावाच्या वाटेला लागली.

तात्पर्य: भीती वाटली म्हणून शेजार जाळू नये, नीट बघून रीत घालून द्यावी, म्हणजे दोन्ही घरं सुखानं नांदतात.