आमरीला बांडगूळ म्हणणारा राजा

एका राज्यात चंडकेतू नावाचा राजा होता. त्याच्या आमराईत झाडाझाडावर आमरी फुलायची. आमरी म्हणजे सालीला बिलगून राहणारी वनस्पती. मुळं वाऱ्यावर मोकळी, पानं पट्ट्यासारखी, आणि वैशाखात हातभर लोंबणारा घोस, पांढऱ्या फुलांवर जांभळे ठिपके. ती झाडाचा नुसता आधार घेते, रसाचा थेंबही घेत नाही. पण हे राजाला सांगणार कोण? प्रधान म्हणाला, "महाराज, ही बांडगुळं आपल्या आंब्यांचं रक्त पितात." झालं! राजाने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. कोयते चालले आणि आमराई ओकीबोकी झाली.

आमराईत राहणाऱ्या एका जोगिणीने राजाला शाप दिला, "यांतली एक तरी तुझ्या हातून फुलेपर्यंत तुझी लेक जमिनीत रुतत जाईल." त्याच क्षणी अंगणात उभ्या राजकन्या हेमावतीच्या पावलांना मुळं फुटली. दर पौर्णिमेला ती चार बोटं खाली जाऊ लागली.

तिची दाई गोंदाई संतापाने लाल झाली. चूक बापाची आणि रुतायचं लेकीने! जोगिणीलाही तिने चार शब्द सुनावले, मग ढिगाऱ्यातून जिवंत राहिलेली एकुलती आमरी शोधून आणली.

राजाने ती सोन्याच्या कुंडीत काळ्या मातीत पुरली आणि रोज वर केशराचं दूध ओतलं.

"महाराज, माती काढा. तिचा जीव गुदमरतोय," गोंदाई म्हणाली.

"दाईने पाळणा हलवावा," प्रधान म्हणाला.

एकेक मूळ कुजत गेलं. हेमावती कमरेपर्यंत रुतली, तेव्हा राजाने धनेश पक्ष्याला बोलावलं. धनेशाला जंगलातलं सगळं ठाऊक असे.

"कामं तीन," धनेश म्हणाला. "तिला घर दे, वारा दे, मान दे. कसं ते या दाईला विचार. इतके महिने ती घसा फोडून सांगते आहे, तुझ्या दरबाराला कान नाहीत का?"

राजा खाली मान घालून गोंदाईकडे आला. तिने त्याच्याकडून कुंडीतली माती उपसवली, कुजकी मुळं कापवली. एकच मूळ उरलं होतं. ते राजाने आंब्याच्या खडबडीत सालीवर काथ्याने बांधलं.

"मूळ पांढरं दिसलं की पाणी शिंपडा, हिरवं झालं की हात आवरा. माया उतू जाऊ देऊ नका," गोंदाईने बजावलं.

दुसरं काम वाऱ्याचं. आमराईच्या पूर्वेला राजाने आपल्या विजयाची उंच भिंत बांधली होती. तिने सकाळचं ऊन आणि वारा दोन्ही अडवले होते. राजाने कुदळ घेतली. हाताला फोड आले, पण भिंत पडली. आमरीला नवी मुळं फुटली, आणि वैशाखात घोस लोंबला, मात्र एकही कळी उमलेना. हेमावती आता गळ्यापर्यंत रुतली होती आणि पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती.

राजाने झाडाखाली दरबार भरवला आणि तिसरं काम उरकायला घोषणा केली, "आम्ही या बांडगुळाला उदार मनाने क्षमा करत आहोत."

गोंदाईचा तोल सुटला. "क्षमा? तुम्ही करणार? तिने तुमचं काय खाल्लं? वाऱ्यावर जगली, दवावर जगली, आणि तुम्ही न बघता तिला चोर ठरवलंत! माझी पोर मातीत चाललीय आणि तुम्हाला अजून मोठेपणा मिरवायचाय?"

प्रधान तलवारीला हात घालू लागला. राजाने त्याचा हात धरला. मग राजा झाडाजवळ गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने आमरी नीट पाहिली. मुळं सालीच्या वरवर होती, एकही आत शिरलेलं नव्हतं.

"ही बांडगूळ नाही," तो सर्वांदेखत म्हणाला. "मी खोटं बोललो, तेही न बघता. चूक माझी आहे."

पहिली कळी उमलली, मग सारा घोस. अंगणातली माती भुसभुशीत झाली आणि हेमावती बाहेर आली. राजा हात पसरून धावला. ती त्याच्यासमोर क्षणभर थांबली.

"बाबा, माझ्याकडेही बघायचं राहिलंय," ती म्हणाली, आणि आधी गोंदाईच्या गळ्यात पडली.

राजा वाट पाहत उभा राहिला. त्या दिवसापासून त्या राज्यात डोळ्यांनी पाहिल्याखेरीज निवाडा झाला नाही. ऐकणाऱ्यांच्या राज्यातही तसंच होवो.