विझलेल्या चुलींचे राज्य

एका राज्यात वेशीच्या कमानीवर एक साळुंकी राहत असे. ती दोनच शब्द बोले, 'खरे' आणि 'खोटे', आणि तिचा शब्द कधी चुकत नसे. राजा वीरकेतूने ती एका मांत्रिकाकडून दहा हत्ती देऊन घेतली होती. दारी येणाऱ्या याचकांत लबाडच फार, असे त्याचे मत झाले होते. याचकाने आपले दुःख सांगावे, साळुंकी 'खरे' म्हणाली तर त्याला अन्न मिळावे, 'खोटे' म्हणाली तर शिपायांनी त्याला हाकलावे, असा नियम होता.

एका हिवाळ्यात एक परदेशी बाई तान्हे मूल घेऊन वेशीशी आली. "तीन दिवस पोटात अन्न नाही," ती म्हणाली, "अंगावरचे दूध आटले."

साळुंकी म्हणाली, "खोटे."

शिपायांनी भाले आडवे धरले. चार दिवसांनी ती पुन्हा आली. मूल तिच्या कडेवर होते, पण त्याची मान लोंबत होती. राजा त्या वेळी वेशीतच उभा होता.

"दोन दिवस झाले होते, राजा," ती म्हणाली. "तीन म्हटले तर दया येईल, असे वाटले. आता तुझ्या राज्यात एकही चूल पेटणार नाही."

एवढे बोलून ती निघून गेली आणि राज्यातला सारा विस्तव विझला. चकमक झडे, ठिणगी उडे, पण कापूस काही पेट घेईना. लोक भिजवलेले धान्य चावून दिवस काढू लागले. थंडीने आधी म्हातारी माणसे गेली, मग लेकरे जाऊ लागली. सात वर्षांची राजकन्या तारिणी अंथरुणाला खिळली.

राजाने साळुंकीला विचारले, "ती बाई उपाशी होती. मग तू खोटे का म्हणालीस?"

साळुंकी पहिल्यांदाच दोन शब्दांपलीकडे बोलली. "तुम्ही मला तिचा शब्द विचारलात, महाराज. भूक विचारली नाहीत."

शाप कोण उतरवील, हेही तिला ठाऊक होते. राजाने तिला खांद्यावर घेतले, घोड्यावर मांड ठोकली आणि नऊ दिवस दौडत तो भस्मकेशी चेटकिणीच्या डोंगरावर पोहोचला.

"परतीच्या वाटेवर तिघे भेटतील," भस्मकेशी म्हणाली. "जे मागतील ते दे. साळुंकी आपले काम करील. तुला शंका येईल, ती येऊ दे. पण हात मागे घेतलास, तर या पिढीत विस्तव परत येणार नाही."

मग तिने त्याच्या हाती एक मडके दिले. आत निखारा फुललेला होता. "हा शापातही विझत नाही. याने एक खोली ऊबदार राहील. लेकीसाठी ने."

राजा माघारी निघाला. घरी पोहोचायला चार दिवसांची दौड उरली असता वाटेवर पायाला फडके बांधलेला एक माणूस कण्हत पडलेला दिसला.

"माझा पाय मोडला, महाराज. घोडा द्या."

"खोटे," साळुंकी म्हणाली.

राजा खाली उतरला आणि त्याने लगाम पुढे केला. त्या माणसाने फडके सोडून फेकले, तो उडी मारून घोड्यावर बसला आणि हसत धूळ उडवीत निघून गेला. चार दिवसांच्या दौडीची बारा दिवसांची पायपीट झाली.

सातव्या दिवशी नदीच्या उतारावर एक बाई भेटली. "गुहेत माझ्या तीन मुली कुडकुडताहेत. अंगावरची शाल द्या."

"खोटे."

राजाने शाल दिली. गुहेत मुली होत्या की नव्हत्या, तीन होत्या की एक, हे त्याला कधीच कळले नाही. पुढचे पाच दिवस तो मडके छातीशी धरून चालला. शिव्या द्याव्यात तर कोणाला, हेही त्याला सुचेना.

बाराव्या दिवशी नगराचे बुरूज दिसू लागले, तोच एका झोपडीतून एक म्हातारा बाहेर आला. "आत माझा मुलगा गारठून मरतो आहे. तो निखारा द्या, महाराज."

"खोटे," साळुंकी म्हणाली.

राजाने मडके घट्ट धरले. "माझीही मुलगी आहे," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने हात पुढे केले. त्याची नखे काळीनिळी पडली होती. राजाने बराच वेळ त्या नखांकडे पाहिले आणि मडके त्याच्या हातात दिले.

म्हातारा आत गेला. झोपडीत दुसरे कोणी नव्हते. मडक्यावर ओणवा होऊन तो रडू लागला. "एकट्या म्हाताऱ्याला विस्तव कोण देतो, महाराज? मुलाचे नाव घेतले की लोक थांबतात."

तेवढ्यात नगरातल्या कौलांमधून धूर वर चढू लागला. आधी एका घरातून, मग शेकडो घरांतून. शाप तुटला होता. राजा धावत सुटला. लोक चुलींपुढे बसून हसत होते, रडत होते. त्यांच्यामधून वाट काढीत तो महालात शिरला.

राणी कुमुदा रिकाम्या पलंगाशी बसली होती. तारिणीला जाऊन पाच दिवस झाले होते.

"घोडा कुठे आहे?" राणीने विचारले.

"दिला."

"कोणाला?"

"एका लबाडाला."

"ठाऊक असून?"

"ठाऊक असून."

"घोडा असता, तर तुम्ही आठ दिवस आधी आला असता." एवढे बोलून राणीने भिंतीकडे तोंड केले. वर्षभर ती त्याच्याशी बोलली नाही.

राजाने साळुंकीला रानात सोडले, वेशीवरचे भाले काढवले आणि तिथे अन्नछत्र घातले. त्या परदेशी बाईचा शोध त्याने सात राज्यांत घेतला. ती सापडली नाही.

वर्ष सरल्यावर एके दुपारी राणी आपण होऊन अन्नछत्रात आली आणि वाढायला उभी राहिली. एक धट्टाकट्टा माणूस पंगतीपाशी येऊन म्हणाला, "पुरात घरदार वाहून गेले, राणीसाहेब."

त्या वर्षी कुठल्याच नदीला पूर आला नव्हता. आचाऱ्याने राणीकडे पाहिले. राजानेही पाहिले.

राणीने पातेल्यात पळी बुडवली. "बसा," ती म्हणाली, "भात गरम आहे."