पाखराचं पाऊल

माणसाचा अजून पत्ताही नव्हता, तेव्हाची गोष्ट. जमीन दोन्हीकडून ताणली गेली आणि मधला काळा खडक खाली खचला. तिथे झालेल्या खोलगट जागेत नदी दर पुराला गाळ आणून टाकी. खडक आणखी थोडा खचे आणि नव्या थराला जागा करून देई. सगळे थर त्याला आजोबा म्हणत.

एकदा लाल माती सगळ्यांत वर होती. तिच्या ओल्या अंगावरून एक पाखरू चालत गेलं. उमटलेल्या पावलांचं तिला कोण कौतुक!

पुराची चाहूल लागली तशी ती म्हणाली, "आजोबा, आता खचू नका ना. तुम्ही खचता म्हणून वाळू येऊन डोक्यावर बसते. माझी पावलं झाकून जातील."

नातीपुढे आजोबांचं काही चालेना. ते श्वास रोखून बसले.

पूर आला. आधीच्या थरांनी भरलेली जागा आता खोलगट उरलीच नव्हती, त्यामुळे वाळू तिथे थांबेना. नदी जोरात धावत सुटली आणि जाता जाता लाल मातीच खरवडू लागली. एक पाऊल गेलं, मग दुसरं.

"आजोबा, खचा हो," माती रडवेली होऊन म्हणाली.

आजोबांनी श्वास सोडला. जमीन खाली बसली, पाणी संथ झालं आणि वाळू अलगद मातीवर उतरली.

"माझ्याखाली हा खळगा कसला गं?" वाळूने विचारलं.

"पाखराचं पाऊल आहे. एवढं एकच उरलंय," माती म्हणाली. "तू आता वरून उठू नकोस, बाई."