श्वास रोखलेली झाडं

“झाडं श्वास कसा रोखतील, बुवा?”

भानुदासनं सकाळी सकाळीच हे काढलं. आदल्या दिवशी बुवांनी मठात वाघाची गोष्ट सांगितली होती. तीत एक बाई रानात शिरते आणि झाडं श्वास रोखून उभी राहतात. ऐकताना आमच्या अंगावर काटा आला. याला मात्र शंका! शहरात शिकून आलेला, बुवांकडं कथा सांगायला शिकत होता. तोरा काय विचारता!

मी मठाच्या चुलीशी होतो. मनात म्हटलं, घ्या, सुरू झालं याचं.

“तू कसं सांगशील?” बुवांनी विचारलं.

“सरळ. रानात आवाज नव्हता. वाघ जवळ होता. संपलं.”



तेवढ्यात गावातली सरूबाई धापा टाकत वर मठात आली. पहाटेच बाया मोहफुलं वेचायला रानात गेल्या होत्या. तिच्या हातात भानुदासच्या आईची टोपली होती.

“झाडाखाली पडली होती... तुही माय इकडं आली का गा?”



भानुदास अनवाणीच पळाला. बुवांनी टोपली घेतली आणि त्याच्या मागं निघाले. त्यांच्या मागं मी.

मोहाखाली फुलांचा सडा तसाच पडला होता. एकही पाखरू बोलत नव्हतं. भानुदासनं ‘आई’ म्हणायला तोंड उघडलं... आवाजच फुटेना.

मग वरून, फांद्यांतून, अगदी हळू ऐकू आलं.

“भानू... हलू नोको, बापा. जनावर झुडपात हाये...”

आम्ही जागच्या जागी उभे. किती वेळ, देव जाणे.

शेवटी सरूबाईच्या हाकेवर गावकरी डबे बडवत आले. झुडूप हललं. काहीतरी जड पाचोळा तुडवत दूर निघून गेलं.

आई खाली उतरली. भानुदास तिला मिठी मारून ढसाढसा रडला.

“दिसला का रे? किती मोठा होता?” लोकांनी त्याला घेरलं.

“दिसला नाही...” त्यानं आईचा पदर अजून सोडला नव्हता. “पण सगळी झाडं माझ्याकडं बघत होती.”

बुवा खाली बसून मोहफुलं टोपलीत भरत होते. मान वर न करताच म्हणाले,

“झाडांना डोळे कुठले, भानुदास?”